ॲडोबी म्यूजमधली जुनी साइट हलवायची आहे, मराठी मजकूर कॉपीच होत नाही

संत्राबाग (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

काटोलजवळ माझ्या मामांची संत्र्याच्या कलमांची नर्सरी आहे. मी नागपुरात, मानेवाड्याला. कम्प्युटरचं काहीही असलं की मामांचा फोन मलाच, त्यामुळे नर्सरीची वेबसाइट आता माझ्याकडे आलीय. २०१५ मध्ये ॲडोबी म्यूजमध्ये (कोड न लिहिता साइट बनवायचं सॉफ्टवेअर) बनवली होती. बनवणारा मुलगा आता पुण्याला असतो, चांगला आहे, मागितल्याबरोबर मूळ म्यूजची फाइल पाठवली त्याने. तीसेक पानं आहेत, अर्धी मराठी, अर्धी इंग्रजी.

अडचण अशी की कलमांचे भाव बदलायचे म्हटलं तरी म्यूज लागतं, आणि ॲडोबीने ते गुंडाळत असल्याचं २०१८ च्या मार्चमध्येच जाहीर केलं, २०२० च्या मार्चनंतर सपोर्टही नाही. संपर्काचा फॉर्म भरला तर मेल पोचत नाही. तर आता ही साइट दुसऱ्या कशात तरी नव्याने उभी करायची आहे.

वर्डप्रेस घेऊ की ते ओढून-सोडून पानं बनवायचे रेडीमेड बिल्डर असतात त्यातला एखादा घेऊ? मराठी पानांवरचा मजकूर माउसने सिलेक्टच होत नाही, इंग्रजी होतो, असं काहून? आणि साइट हलवली की गूगलवरची जागा जाते म्हणतात, ते कसं टाळायचं? मे-जूनमध्ये शेतकऱ्यांचं बुकिंग सुरू होतं, त्याच्या आत हे व्हायला पाहिजे. पांढुर्णा-सौंसरकडचे बरेच लोक साइट बघूनच मामांना फोन करतात.

तर्री_जास्त

वर्डप्रेस घ्या नं भौ, विषय संपला.

जुना_डेव्हलपर

विषय आत्ता सुरू झालाय :)

आधी दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो कारण खरं काम तिथेच आहे. म्यूजच्या फॉन्टच्या यादीत वेबफॉन्ट, वेब-सेफ फॉन्ट आणि सिस्टिम फॉन्ट असे गट असायचे. सिस्टिम फॉन्टच्या गटावर लिहिलेलंच असायचं की हा मजकूर चित्र म्हणून एक्सपोर्ट होईल. तुमच्या साइटवाल्याने मराठीसाठी कम्प्युटरवर असलेला श्रीलिपी किंवा शिवाजी छापाचा जुना फॉन्ट (इंग्रजी कळांवर मराठी अक्षरं बसवलेला) वापरला असणार, म्हणून मराठीचा एकेक परिच्छेद म्हणजे एकेक पीएनजी फाइल झालीय. खात्री करायची तर मराठी मजकुरावर राइट क्लिक करा, चित्र सेव्ह करायचा पर्याय दिसेल.

याचा अर्थ गूगलला तुमची मराठी पानं जवळपास कोरी दिसतात. चित्रामागे ऑल्ट मजकूर (चित्राला जोडलेला, पानावर न दिसणारा) असला तरी तो जुन्या फॉन्टचा, म्हणजे नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. तेव्हा मराठीची गूगलवरची जागा जाईल ही काळजी सोडा, ती अजून मिळालेलीच नाही. इंग्रजी पानांची मात्र सांभाळायची.

आणि म्यूजची फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बदलून देणारं साधन ॲडोबीने दिलेलं नाही. पानं नव्यानेच बांधावी लागतील. मजकूर, फोटो आणि पत्ते (म्हणजे यूआरएल) तेवढे जुने.

संत्राबाग

बापरे, खरंच चित्रं आहेत! एका पानावर मामांनी लिहिलेली लागवडीची पूर्ण माहिती आहे, खड्डा केवढा, अंतर किती, डिंक्या रोग आला तर काय करायचं, सगळी चित्रात अडकून बसलीय. इतकी वर्षं कुणाच्या लक्षातच आलं नाही.

धरमपेठकर

मी वेगळं मत मांडतो. वर्डप्रेस म्हटलं की होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) बघा, थीम बघा, प्लगिन (वरून जोडायची छोटी सॉफ्टवेअरं) अपडेट करा, बॅकअप घ्या. हे करणार कोण? नर्सरीवाल्या माणसाला भाव बदलता आला पाहिजे, बस. माझ्या बायकोचं क्लाउड किचन आहे, आम्ही विक्सवर (तसलाच रेडीमेड बिल्डर) एका शनिवार-रविवारात साइट उभी केली, ती स्वतः मोबाइलवरून मेनू बदलते, मला विचारतसुद्धा नाही. लोक फुकट म्हणून वर्डप्रेस घेतात आणि मग सांभाळणाऱ्याला दर महिन्याला पैसे देत बसतात.

निशिगंधा

@धरमपेठकर, मेनूची साइट नि नर्सरीची माहितीची साइट यात फरक आहे हो. विक्सवरची साइट उद्या दुसऱ्या होस्टिंगवर न्यायची म्हटली तर जशीच्या तशी नेता येत नाही, तशी सोयच नाही त्यांच्याकडे. वेबफ्लो (हाही बिल्डरच) पैसे भरलेल्या प्लॅनवर कोड एक्सपोर्ट करू देतं, पण सीएमएसमधला, म्हणजे त्यांच्या डेटाबेसात भरलेला मजकूर त्या एक्सपोर्ट केलेल्या साइटवर चालत नाही. धागाकर्ते आत्ता ज्या कारणाने अडकलेत, एका कंपनीचं सॉफ्टवेअर बंद झालं म्हणून, त्याच जागी परत जाऊन कशाला उभं राहायचं?

धरमपेठकर

वर्डप्रेसपण बंद होऊ शकतंच की.

निशिगंधा

होऊ शकतं, पण त्याचा कोड खुला आहे आणि डेटाबेस आपल्या हातात असतो. पूर्ण मजकुराची एक एक्सएमएल फाइल निघते. म्यूजमधून काय निघतंय ते बघतोच आहोत.

वऱ्हाडी_भौ

मले तर वाटते दोन्हीची गरज नाई. तीस पानं हायेत, त्यातलं एकच पान बदलते, भावाचं. बाकी संत्र्याची लागवड कशी करा हे काय दर महिन्याले बदलते काय? साधं एचटीएमएल ठेवा, डेटाबेस नाई, प्लगिन नाई, हॅक व्हाचा प्रश्न कमी. आमच्या सोसायटीची साइट वर्डप्रेसवर होती, कोनी अपडेट केलं नाई, एक दिवस पाहतो तं जपानी भाषेत बुटाच्या जाहिराती. भावाचं पान तेवढं गूगल शीटवरून ओढून घ्या, मामा शीटमधी आकडा बदलवतीन, पान आपोआप बदलते.

जुना_डेव्हलपर

@वऱ्हाडी_भौ, तांत्रिकदृष्ट्या तुमचं बरोबर आहे आणि मला स्वतःला हेच आवडतं. पण उद्या नव्या जातीचं पान टाकायचं झालं तर परत संत्राबाग यांनाच फोन. कुणाला तरी शिकवून मोकळं व्हायचं असेल तर वर्डप्रेस बरं. एक साधी थीम, तीन-चार प्लगिन, किरकोळ अपडेट आपोआप चालू. पेज बिल्डरचं प्लगिन मात्र घालू नका. ते काढलं की पानात त्याच्या कोडचे तुकडे उरतात किंवा मांडणी कोसळते, म्हणजे पुन्हा अडकलात.

बुटीबोरी_एक्सप्रेस

सॉफ्टवेअर कुठलंही घ्या हो, आधी मला सांगा डोमेन (साइटचं नाव) कुणाच्या नावावर आहे? हे कुणी विचारतच नाहीये.

आमच्या कंपनीत साइट बदलायचं काम एका एजन्सीला दिलं. त्यांनी नवीन होस्टिंग घेतलं आणि नेमसर्व्हर (डोमेनच्या नोंदी, म्हणजे डीएनएस, जिथे असतात ते सर्व्हर) बदलून टाकले. साइट मस्त दिसायला लागली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुपारपासून ऑर्डरचे मेल यायचे बंद. कारण मेल तिसरीकडे होता आणि एमएक्स रेकॉर्ड (मेल कुठे पोचवायचा त्या नोंदी) जुन्या डीएनएसमध्येच राहिले, नवीन ठिकाणी कुणी भरलेच नाहीत. पाठवणाऱ्यांना मेल परत जात होते आणि आम्हाला वाटतंय मार्केट थंड आहे. डोमेनचं लॉगिन एजन्सीच्या एका माणसाकडे, तो लग्नाला गेलेला. पूर्ण डिपार्टमेंट फोनवर ऑर्डर लिहून घेत होतं.

म्हणून नेमसर्व्हरला हात लावायच्या आधी जुन्या डीएनएसचा प्रत्येक रेकॉर्ड उतरवून घ्या, ए, सीनेम, एमएक्स, टीएक्सटी सगळे. टीएक्सटीमध्ये एसपीएफ आणि डीकेआयएम (मेल खरंच तुमचाच असल्याच्या खुणा) असतात, ते राहिले तर तुमचे मेल लोकांच्या स्पॅममध्ये. जमलं तर नेमसर्व्हर बदलूच नका, आहे त्या डीएनएसमध्ये फक्त ए रेकॉर्डचा (साइट कुठल्या सर्व्हरवर आहे ती नोंद) आयपी बदला.

संत्राबाग

@बुटीबोरी_एक्सप्रेस, तुमचं वाचून लगेच पुण्याला फोन लावला. डोमेन डॉट कॉम आहे आणि त्याच्याच खात्यात, त्याच्याच जीमेलवर. दरवर्षी तो भरतो आणि मामा त्याला पैसे पाठवतात. द्यायला तयार आहे, म्हणतो कधीही घ्या. दुसऱ्या कंपनीकडे ट्रान्सफर मारू का?

बुटीबोरी_एक्सप्रेस

थांबा. कंपनी बदलू नका आत्ता. डॉट कॉमचा मालक बदलला की ट्रान्सफरवर ६० दिवसांचं कुलूप लागू शकतं, घाईत नेमकं तिथे अडकाल. त्याच रजिस्ट्रारकडे (डोमेन विकणाऱ्या कंपनीकडे) मामांच्या नावाने, मामांच्या मेलवर खातं उघडा आणि त्याच्या खात्यातून या खात्यात डोमेन सरकवून घ्या. बहुतेक ठिकाणी ही सोय असते. मग मोबाइल नंबर मामांचा, ऑटो-रिन्यू चालू, पासवर्ड घरातल्या दोघांकडे. हे झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तुमच्या मामांच्या भाषेत सांगायचं तर डोमेन म्हणजे जंबेरीचा खुंट (ज्यावर कलम बांधतात ते मुळाकडचं झाड) आणि साइट म्हणजे त्यावर भरलेला संत्र्याचा डोळा. डोळा परत भरता येतो, खुंट आपल्या वावरात पाहिजे.

तर्री_जास्त

वा! याच्यावर एक प्लेट आपल्याकडून.

अवांतर: खुंटाचा विषय निघालाच आहे तर, माझ्या सासऱ्यांना सावनेरकडे दोन एकर लावायचंय, जंबेरीवरचं कलम घ्यायचं की रंगपूर लाइमवरचं?

संत्राबाग

मामांना विचारून सांगतो, पण त्यांचं नेहमीचं उत्तर असतं की आधी माती तपासा. अमरावती रोडवर लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे तिथे जाऊन या, नुसतं नर्सरीवाल्याच्या सांगण्यावर झाड घेऊ नका असं ते स्वतः नर्सरीवाले असून सांगतात.

निशिगंधा

मुद्द्यावर येते. मी पूर्वी डीटीपी करायचे, महालात आमचं छोटं ऑफिस होतं, त्यामुळे जुन्या फॉन्टचं दुखणं चांगलं माहितीये.

म्यूजची फाइल आहे हे तुमचं नशीब. ती उघडून मजकूर कॉपी केला तर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ मिळेल, तो टाकून देऊ नका, तोच तुमचा मजकूर आहे. त्या त्या फॉन्टचे युनिकोड (सगळीकडे चालणारी आजची अक्षरपद्धत) कन्व्हर्टर मिळतात, फॉन्टचं नाव मात्र तंतोतंत जुळलं पाहिजे, कारण श्रीलिपीचा कन्व्हर्टर शिवाजीला चालत नाही. नव्या मॅकवर म्यूज चालेलच असं नाही, तेव्हा एखादा जुना विंडोजचा पीसी शोधा जिथे ते आधीपासून इन्स्टॉल केलेलं आहे.

कन्व्हर्ट झाल्यावर डोळे झाकून टाकू नका. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करायचे आणि रफार नंतर, कन्व्हर्टरला ते उलटसुलट करावं लागतं. त्यात जोडाक्षर आलं की वेलांटी भलत्याच अक्षरावर बसते. सगळ्यात जास्त मार खातो तो अर्धा ऱ. ‘वऱ्हाड’चं ‘वर्हाड’ होतं, ‘शेतकऱ्यांना’चं ‘शेतकर्यांना’. तुमच्या साइटवर शेतकरी हा शब्द पानोपानी असणार, म्हणून पहिलं काम ‘कर्य’ शोधा आणि ‘कऱ्य’ करा. आकडेही बघा, खताच्या मात्रेतला एक आकडा बदलला तर कुणाच्या तरी झाडाला भोवेल. ते पान मामांना स्वतः वाचायला द्या.

आणि पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी म्हणून जाहीर करा, वर्डप्रेसमध्ये साइटची भाषा मराठी ठेवली की होतं. फॉन्टात सोय असेल तर मग ल आणि श आपल्या वळणाचे दिसतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. मुक्त, नोटो सान्स असे फुकट युनिकोड फॉन्ट आहेत, एकच घ्या, जाड आणि साधा असे दोनच प्रकार. खेड्यात नेट हळू असतं, फॉन्टच्या ढीगभर फाइली नकोत.

वऱ्हाडी_भौ

ताई, एक नंबर लिहिलं. वाखू (वाचनखूण) साठवून राहिलो.

फुटाळा_संध्याकाळ

पानांचे पत्ते पण मराठीत ठेवा, ‘संत्रा-लागवड’ असे. आपली भाषा पत्त्यात पण दिसू द्या.

जुना_डेव्हलपर

@फुटाळा_संध्याकाळ, भावना पटते, पण वर्डप्रेसमध्ये एक गोष्ट बघा. पत्त्यातला हा भाग २०० कॅरेक्टरपर्यंतच साठवला जातो. देवनागरीचं एक अक्षर किंवा एक मात्रा टक्क्याच्या चिन्हांच्या भाषेत ९ कॅरेक्टर खाते. म्हणजे बावीसेक चिन्हांत खेळ खलास, लांब मथळा मधेच कापला जातो. शिवाय व्हॉट्सॲपवर लिंक पाठवली की बरेचदा टक्क्यांची भलीमोठी शेपटी दिसते आणि शेतकरी बिचारा उघडायला घाबरतो. मथळा मराठी, मजकूर मराठी, पत्ता छोटा रोमन, माझं तरी हेच मत.

फुटाळा_संध्याकाळ

छोटे मराठी पत्ते ठेवता येतात की. ‘लागवड’, ‘भाव’, ‘संपर्क’. गूगलला चालतात. मी माझ्या ब्लॉगला तसेच ठेवलेत, कधी अडलं नाही. लिंक कॉपी करताना टक्के येतात हे मान्य. पण सोय नाही म्हणून आपणच वापरायचं थांबवलं तर सोय होणार कधी?

संत्राबाग

दोघांचंही पटतंय, पण ग्राहकांत हिंदीवालेही आहेत, म्हणून रोमन ठेवतो. आता एक नवीन सापडलं. होस्टिंगवर ‘फोन’ नावाचा एक फोल्डर आहे, त्यात सगळी पानं परत एकदा आहेत. हे काय प्रकरण?

जुना_डेव्हलपर

बरोबर, २०१६ च्या आधीचं म्यूज रिस्पॉन्सिव्ह (स्क्रीनप्रमाणे पान आपोआप जुळवणारं) नव्हतं. डेस्कटॉपला एक आराखडा, फोनला दुसरा, टॅब्लेटला तिसरा, आणि प्रत्येकाचा फोल्डर वेगळा. लोकांनी मोबाइलवरून शेअर केलेल्या सगळ्या लिंका त्या ‘फोन’ फोल्डरच्या असणार. नवीन साइटवर तो फोल्डर नसेल, म्हणजे त्या सगळ्या लिंका मेल्या.

आता तिसऱ्या प्रश्नाचं. एक शीट काढा, डावीकडे जुना पत्ता, उजवीकडे नवा. ‘फोन’वाले पत्तेही त्यात घ्या. मग एचटीॲक्सेस फाइलमध्ये (सर्व्हरला सूचना द्यायची फाइल) किंवा रिडायरेक्टच्या प्लगिनमध्ये प्रत्येकाला ३०१ लावा, म्हणजे कायमचं स्थलांतर. सगळे पत्ते उचलून होमपेजवर वळवू नका, लागवडीचं पान लागवडीच्या पानावरच गेलं पाहिजे. ३०१ किमान वर्षभर ठेवा असं गूगल सांगतं, मी म्हणतो काढूच नका, त्याला काही खर्च नाही. डोमेन तेच आहे, तेव्हा गूगलच्या सर्च कन्सोलमधलं पत्ता बदलल्याचं साधन तुम्हाला लागत नाही, नवीन साइटमॅप (पानांची यादी) दिला की झालं.

नवीन साइट उपडोमेनवर (मुख्य डोमेनच्या पोटातल्या पत्त्यावर) बांधत असाल तर सर्च इंजिनांना परावृत्त करायची वर्डप्रेसची टिक तिथे लावा आणि साइट खऱ्या डोमेनवर आणली की त्याच दिवशी काढा. गूगलवरून साइट गायब झाली म्हणून लोक माझ्याकडे येतात, त्यात ही टिक पुन्हापुन्हा सापडते. उपडोमेनवरून मुख्य डोमेनवर आणताना डेटाबेसमधला जुना पत्ता नोटपॅडमध्ये शोधून-बदलून टाकू नका. वर्डप्रेस काही सेटिंग अक्षरांची लांबी मोजून साठवतं, लांबी चुकली की विजेट उडतात. डुप्लिकेटरसारखं प्लगिन वापरा. डेटाबेसची अक्षरपद्धत यूटीएफ८एमबी४ आहे ना तेही बघा, नाहीतर हलवल्यावर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येऊ शकतात.

बुटीबोरी_एक्सप्रेस

यात भर. ए रेकॉर्ड बदलायच्या आदल्या दिवशी टीटीएल (जुनी नोंद किती वेळ धरून ठेवायची ती मुदत) ३०० सेकंदांवर आणा. सीपॅनलमध्ये (होस्टिंगचं नियंत्रण पॅनल) १४४०० असतो, म्हणजे चार तास लोकांना जुनीच साइट दिसू शकते. जुनं होस्टिंग लगेच बंद करू नका, महिनाभर तरी असू द्या.

धरमपेठकर

संपर्काच्या फॉर्मचं राहिलं. जुने फॉर्म भरणाऱ्याचाच जीमेल पत्ता ‘पाठवणारा’ म्हणून लावतात, म्हणजे जीमेलच्या नावाने तुमचा सर्व्हर मेल पाठवतो, तो अडवलाच जाणार. २०२४ पासून जीमेल आणखी कडक झालंय. पाठवणारा पत्ता आपल्या डोमेनचा ठेवायचा आणि मेल एसएमटीपीने (मेलच्या खात्यात लॉगिन करून) पाठवायचा. पण मी म्हणतो फॉर्म हवाच कशाला? शेतकरी फॉर्म भरत नाही, फोन करतो. प्रत्येक पानावर फोनचं आणि व्हॉट्सॲपचं बटण द्या, ठळक, अंगठ्याला सापडेल असं.

निशिगंधा

हे मात्र धरमपेठकरांचं शंभर टक्के पटलं.

फुटाळा_संध्याकाळ

अजून एक, नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय म्हणून बरेच जण साइटवर जीआयचा लोगो चिकटवतात. ते नाव आणि चिन्ह अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी झालेल्यांनी वापरायचं असतं, आणि मानांकन फळाला आहे. मामांची नोंदणी नसेल तर लोगो टाकू नका.

संत्राबाग

लोगो होता, काढला. डोमेन मामांच्या खात्यात आलं. वर्डप्रेसच घेतलंय, पेज बिल्डर नाही. एका मित्राच्या जुन्या पीसीवर म्यूज सापडलं, फॉन्ट शिवाजी निघाला, मजकूर कन्व्हर्ट झाला. निशिगंधाताई, ‘शेतकर्यां’ अक्षरशः सगळीकडे होतं! मामा लागवडीचं पान प्रिंट काढून लाल पेनने तपासून राहिले, दोन ठिकाणी त्यांनी मजकूरच बदलला, म्हणे तेव्हापेक्षा आता आम्ही ओलीत वेगळं करतो. एक विचारायचं होतं, नर्सरीच्या बिलबुकावर क्यूआर छापलाय तो ‘फोन’ फोल्डरमधल्याच पानाचा आहे.

जुना_डेव्हलपर

३०१ लागलं की तो क्यूआर नव्या पानावर जाईल, बिलबुकं फेकू नका. स्वतः दोन-तीन वेगवेगळ्या मोबाइलवरून स्कॅन करून बघा, त्यातला एक जुना, स्वस्तातला असू द्या. आणि लाल पेनवाला कागद जपून ठेवा, मामांना एडिटरचं लॉगिन द्या, ॲडमिनचं नको.

कळमना_मार्केट

उत्तम धागा. घुसखोरी करतो, आमच्या व्यापारी मंडळाची साइट जूमला (वर्डप्रेससारखंच सॉफ्टवेअर) ३ वर आहे, ती थेट ५ वर नेता येईल का?

जुना_डेव्हलपर

थेट नाही. जूमला ३ चा सपोर्ट ऑगस्ट २०२३ मध्येच संपलाय. आधी ३.१० वर आणा, मग ४, मग ५, टप्पा गाळू नका, प्रत्येक टप्प्याआधी बॅकअप. थीम आणि एक्स्टेन्शनवर अडेल तुमचं काम, त्यांची यादी घेऊन वेगळा धागा काढा, तिथे बघू.